शंभर मीटरवरचा ससा

रंग्या,

वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी ही पहिलीच खेप. हॉटेलवाल्यानं खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवल्या तरी तुझा शेवटचा मुद्दा संपल्याशिवाय तू हलायचा नाहीस. आणि या वेळी मी दुबईत, मनखूलला, तुझ्या बिल्डिंगखाली गाडीचा एसी चालू ठेवून बसलोय, नेमबाजीच्या रेंजची वेळ होत आलीय, आणि तू वर खुर्चीत, चहाचा कप हातात धरून, बसल्या बसल्या निघून गेलास. मी मिस्ड कॉल दिला. उलट फोन तुझ्याच नंबरवरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या ओरडलो, "यल्ला, चल लवकर, कुठं मेलास रे?" पलीकडे वहिनी होत्या. "भाऊजी, वर या," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी माझं ओरडणं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही. तू आणि मी एकमेकांशी जन्मभर असंच बोलत आलो, हे त्यांना ठाऊक आहे. पण हल्ली फोन उचलला की मी आधी गप्प राहतो, समोरचा कोण आहे ते कळेपर्यंत.

लोक आले. बिल्डिंग आली, तुझं ऑफिस आलं, गणपतीला भेटणारी सगळी मंडळी आली. आणि प्रत्येकजण दाराशी चपला काढताना एकच वाक्य बोलला: "त्रास झाला नाही हो. पुण्यवान माणूस." तू असतास तर मला कोपरानं ढोसलं असतंस. कारण मरण द्यायचंच असेल तर ते असं द्यावं, की ज्याचं त्याला कळूही नये, हे तू मला वर्षानुवर्षं पटवत होतास. फक्त तू ते सशांबद्दल म्हणायचास.

आपलं भांडण कशावरून, असं कुणी विचारलं की आमची ही, माधवी, सांगायची, "बंदुकीवरून. जी दोघांकडेही नाही." खरंच होतं ते. तू मॅग्नमवाला, मी साध्या टू-टूवाला. छोट्या जनावरासाठी कुठली रायफल चांगली, यावर दोन पन्नाशीतली माणसं रोज डोकं फोडायची. एक सिंधुदुर्गातला मासेखाऊ, एक साताऱ्याचा शाकाहारी, आणि राहायला अशा देशात जिथं शिकारीला बंदी. परत जायचं तर तिथंही बंदी. ना रान, ना ससा, ना बंदूक. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं माधवी म्हणायची, आणि तू तिला म्हणायचास, "माधवी, तत्त्वाचा प्रश्न आहे."

तर आता तत्त्व राहू दे बाजूला. मला एकच गोष्ट तुझ्या तोंडून ऐकायची होती आणि ती तू सांगितली नाहीस. न्यूझीलंडला लेकीकडे, सईकडे, गेला होतास, तिथं आयुष्यात पहिल्यांदा तुझी लाडकी मॅग्नम हातात आली, समोर खराखुरा ससा होता. मग काय झालं? झाडलीस का? लागली का? नीट लागली का? गेल्या काही महिन्यांत मी किती परींनी विचारलं असेल, आणि तू प्रत्येक वेळी हवापाण्यावर गेलास. तुला शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या मनात हेच होतं. वाईट वाटतं सांगायला, पण हेच होतं.

सुरुवात कारपूलमध्ये झाली, आठवतं? मनखूलहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला जाणारे आपण दोघंच. मी काचेच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला, तू मागच्या गल्लीतल्या पॅकेजिंगवाल्यांकडे परचेसला. मी सहज म्हणालो, की कॉलेजात एनसीसीत होतो, पालथं पडून पॉइंट टू-टू चालवायचो, आता इथल्या एका क्लबात शनिवारी जातो. तू सीटवरून अख्खा माझ्याकडे वळलास. "साधी टू-टू? ती पोरांची रे. मॅग्नम बघ, मॅग्नम." तू तेव्हा मॅग्नमच काय, साधी टू-टूसुद्धा हातात धरलेली नव्हतीस. ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

पण अभ्यास तुझा दांडगा होता, हे मी तू असताना कधी बोललो नाही, आता बोलतो. त्या उडप्याच्या हॉटेलात मीठदाणी म्हणजे ससा, चमचा म्हणजे रायफल, आणि मधे टेबलभर ताटल्या म्हणजे माळरान, असं मांडून तू माधवीला शिकवायचास. "हे काडतूस. याच्या बुडाच्या कडेतच दारूला पेटवणारा मसाला असतो. कडेवर टोला बसला की ठो. म्हणून रिमफायर. आता साध्या टू-टूची गोळी घे. पन्नास मीटरवर नेम बांधलास तर शंभरवर जाईपर्यंत ती वीतभर खाली येते. ससा केवढा? वीतभरच. म्हणजे डोक्यावर धरलीस तर पायात बसणार. मॅग्नमची गोळी जवळजवळ तेवढीच, पण पुंगळी लांब, दारू जास्त. शंभरवर चार बोटं खाली. डोकं धरलंस तर मानेत. खलास. त्याला कळतसुद्धा नाही."

"आणि मोठी रायफल का नको?" माधवीनं एकदा विचारलं, खरं तर इडली गार होत होती म्हणून.

"सशाला तोफ कशाला? आवाज मैलभर, खांद्याला दणका, आणि सशाचं काही उरत नाही. मॅग्नम बरोब्बर मधली. धक्का नाही, वजन नाही, शेतात नासधूस करणारं छोटं जनावर असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही."

मग माझी पाळी. माझं म्हणणं सोपं होतं आणि मी ते कधी बदललं नाही: शंभर मीटरवरून मारायचंच कशाला? चालत जा. वाऱ्याची दिशा बघ, वाकून जा, पोटावर सरपटत जा, पन्नासच्या आत पोच, आणि मग साधी टू-टू मार. तिला आवाज कमी, काडतूस स्वस्त, मांस फाटत नाही. आणि जवळ जाता येत नसेल तर त्या दिवशी तो ससा तुझा नाही, घरी ये.

"तू सशाचं मांस खाणार आहेस का?" तू म्हणायचास.

"नाही."

"मग फाटलं तर तुझं काय जातं?"

या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं तुझ्याकडे एका प्रश्नाला नव्हतं, वाऱ्याच्या. आडवा वारा असला तर तुझी मॅग्नमसुद्धा शंभर मीटरवर साध्या गोळीइतकीच बाजूला ढकलली जाते. वेग असेल जास्त, पण गोळी तीच, हलकी. वाऱ्यापुढे दोघी सारख्या. हे मी काढलं की तू मीठदाणी उचलून सांबारात मीठ घालायला लागायचास. सशाचंच मीठ करून टाकायचास, लबाडा.

आणि तो रस्ता. ट्रॅफिक तुंबला की तुझा तास सुरू. "यशा, तो पुढचा बोर्ड दिसतोय? निळा. शंभर मीटर. तिथं ससा आहे समज. काय करशील?" मी म्हणायचो, "गाडीतून उतरून चालत जाईन." "हायवेवर?" "हो." "आणि दंड कोण भरेल, तुझा एनसीसीवाला?" असं हसत हसत आपण किती बोर्ड मारले. मला अजून तो निळा बोर्ड आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

तुझी मॅग्नम कुठून आली, ते तू एकदाच सांगितलंस. वाळूचं वादळ आलं होतं त्या दिवशी. पुढचं काही दिसेना म्हणून पेट्रोल पंपाच्या आडोशाला गाडी लावून बसलो होतो. रेडिओ बंद केलास आणि काचेकडे बघत बोललास. तू लहान असताना, कुडाळजवळच्या तुमच्या गावी, तुझ्या धाकट्या काकानं कुणा कॉन्ट्रॅक्टरची टू-टू मागून आणली होती. कुळथाच्या शेतात ससे यायचे. काकानं लांबून, बांधावरूनच, बसल्या जागी गोळी घातली. ती मागच्या पायांत बसली. ससा घसटत घसटत करवंदीच्या जाळीत शिरला, आणि तुला पुढं धाडलं, "जा, काढून आण." तुला वाटत होतं ससा मुका असतो.

"यशा, तो ओरडतो," तू म्हणालास. "तान्हं पोर रडावं तसा. मी जाळीत हात घातला नाही. पळालो. संध्याकाळपर्यंत आवाज येत होता."

मी त्यावर म्हणालो, "म्हणजे माझाच मुद्दा. काकानं जवळ जायला हवं होतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता शिवी देणार. पण तू हसलास आणि म्हणालास, "काका जवळ जाणारा नव्हता रे. जगात माझ्या काकासारखेच जास्त. तुझ्यासारखे पोटावर सरपटणारे किती? म्हणून त्यांच्या हातात बंदूक तरी अशी द्यावी, की लांबून मारली तरी जनावर रडणार नाही." त्या दिवसापासून मी तुझ्याशी भांडताना आवाज थोडा कमी ठेवला, मुद्दा मात्र सोडला नाही. मुद्दा सोडला असता तर तुला ते दया केल्यासारखं वाटलं असतं.

खरा ससा आपल्याला एकदाच भेटला. एका हिवाळ्यात दोन्ही कुटुंबं वाळवंटात तंबू टाकून राहिलो होतो. उजाडताना तू मला पाय ओढून उठवलंस. बायका झोपलेल्या. घाफच्या झाडाखाली, बऱ्याच लांब, वाळूच्याच रंगाचा एक बारका ससा बसलेला. कान तेवढे मोठे, उजेड आरपार दिसणारे. तू थर्मास खांद्याला लावलास, एक डोळा मिटलास.

"शंभर," तू कुजबुजलास. "जास्तीच. ठो. मेला."

"थांब," मी म्हटलं, आणि चपला काढून निघालो. वारा तोंडावर घेतला, झुडपांच्या आडून, वाकून, मग गुडघ्यांवर, मग चक्क पोटावर. या वयात, या पोटावर. थंड वाळू शर्टात गेली. मी इतका जवळ पोचलो की त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग मागून तुला शिंक आली आणि तो दोन उड्यांत नाहीसा झाला.

परत आलो तर तू वाळूत बसून हसत होतास. "बघ. तुझ्या पद्धतीनं ससा पळाला. माझ्या पद्धतीनं कधीच मेला होता."

"तू शिंकलास म्हणून!"

"शिकारीत शिंक येते, साहेब. मॅग्नमला शिंकेचं भय नाही. गोळी पोचलेली असते."

परतीच्या वाटेवर दोन्ही बायका मागच्या सीटवर बसून आपलं भांडण ऐकत होत्या, आणि सई कानात हेडफोन घालून बसली होती. तेव्हा ती कॉलेजात होती. मधेच हेडफोन काढून म्हणाली, "यू गाईज आर सो वियर्ड. नोबडी इव्हन डाइड." मग ती जनावरांची डॉक्टर झाली, लग्न करून न्यूझीलंडला गेली, मेंढ्यांच्या मुलखात. तू अभिमानानं सगळ्यांना सांगायचास, आणि पाच मिनिटांत सशांवर यायचास. तिथं म्हणे ससे म्हणजे टोळधाड. कुरणं खाऊन टाकतात, बिळांनी जमीन पोखरतात, आणि शेतकऱ्यांना ते मारावेच लागतात. सईच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मॅग्नम आहे, हे तिनं फोनवर सांगितलं त्या दिवशी तू मला ऑफिसातून फोन केलास. मीटिंगमधून उठून. "यशा, आहे! खरीखुरी! आणि म्हातारा लायसन्सवाला, तो बाजूला उभा राहिला की मला चालवता येते!" आपल्या क्लबात साधी टू-टू सोडून काही नव्हतं. एवढी वर्षं तू माझीच रायफल नाक मुरडत चालवत होतास.

गेलास. परत आलास. मध आणलास, माधवीला लोकरीची शाल आणलीस. सोमवारी सकाळी गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "मग? मारलास?"

"हवा काय सुंदर आहे रे तिथली," तू म्हणालास.

मला वाटलं, सस्पेन्स ठेवतोयस. शनिवारी रेंजवर विचारलं, तू आवाज रोखणारे मफ कानांवर चढवलेस. मीठदाणी पुढं सरकवून विचारलं, तू वेटरला हाक मारलीस. मग मी चिडवायला लागलो. "लागली नसणार. म्हणून तोंड शिवून घेतलंयस." एवढा बडबड्या तू, पण बशीत चहा ओतलास, फुंकर घातलीस आणि म्हणालास, "ते तुझं वाऱ्याचं काय होतं? परत सांग बघू." आणि मी मूर्खासारखा वाऱ्यावर सुरू झालो. शेवटच्या आठवड्यातही तेच झालं. मी वारा समजावून सांगत होतो आणि तू मान डोलवत होतास, गोड हसत.

मला मात्र रात्रंदिवस दुसरंच वाटत होतं. मला वाटत होतं की तुझ्या हातून तो ससा जखमी झाला. मॅग्नम असून झाला. तो तिथल्या गवतात ओरडला, आणि तू, या वयात, पुन्हा तो आवाज ऐकलास. नाहीतर रंग्या गप्प बसेल? जिंकला असतास तर विमानतळावरून फोन करून माझी झोप मोडली असतीस. म्हणून मी चिडवायचं थांबवायला हवं होतं, आणि थांबवत नव्हतो, कारण थांबवलं तर तुला कळलं असतं की मला कळलंय. असं दोघं एकमेकांना सांभाळत होतो, आणि तेवढ्यात तू गेलास. सगळे म्हणत होते त्रास झाला नाही. माझ्या डोक्यात एवढंच, की माझा दोस्त तो आवाज घेऊन गेला.

सई आली. तिच्यासाठी आम्ही तुला थांबवून ठेवलं होतं. जबल अलीच्या स्मशानात सगळं व्यवस्थित झालं, भटजींनी घाई केली नाही, वहिनी खंबीर राहिल्या. दुसऱ्या दिवशी अस्थी आणायला सई आणि मी गेलो. येताना ती माझ्या शेजारी, तुझ्या सीटवर. तुझ्या लांब पायांसाठी मागं सरकवलेली ती सीट मी पुढं घेतली नव्हती, त्यामुळे तिच्या पायांपुढं रिकामी जागा उरली होती. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश. आपला नेहमीचाच रस्ता, रंग्या, फक्त तू आज पहिल्यांदा गप्प.

निळा बोर्ड आला आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्यानं हॉर्न दिला.

"काका, व्हॉट हॅपन्ड?"

मी तिला बोर्डाचं सांगितलं. ती हसली नाही, कलशावर हात ठेवून ऐकत राहिली. मग मी विचारूनच टाकलं. "सई, तिकडं तुझ्या बाबांनी ससा मारला का गं? मला खरं सांग. जखमी झाला असेल तरी सांग."

तिनं फडक्याची गाठ घट्ट केली. "ही टोल्ड मी नॉट टू टेल यू," म्हणाली.

"म्हणजे ओरडला तो."

"नो, नो! काका, आय ॲम अ व्हेट. मी स्वतः जाऊन बघितला. बाबांनी वन शॉट मारला, म्हाताऱ्या अंकलनी रेंज मेजर केली, हंड्रेडच्या वर होती. ससा गवत खात होता. त्याच्या तोंडात गवत तसंच होतं, काका. ही डिडन्ट नो अ थिंग."

तोंडात गवत. मला तुझ्या हातातला कप आठवला. वहिनींनी सांगितलं होतं, कप कलंडलासुद्धा नव्हता. मी गाडी बाजूला घेतली, कारण पुढचं दिसेना. या वेळी वादळ नव्हतं.

सई पुढं सांगत राहिली. तू चालत सशापाशी गेलास, टोपी काढलीस आणि त्याच्या शेजारी गवतात बसून राहिलास. म्हाताऱ्याला वाटलं तुला बरं वाटत नाहीये. मग उठून म्हणालास, ह्याला कुत्र्यांना घालू नका, पुरा. आणि सईबरोबर घरी परतताना खूश होतास, शीळ घालत होतास.

"मग माझ्यापासून लपवलं का?" मी विचारलं. आवाज चढला माझा. "मी मेलो इकडे काळजीनं!"

"आय आस्क्ड हिम द सेम. मी म्हटलं, बाबा, काकांना आत्ता कॉल करा ना, यू वन! तर म्हणाले," आणि इथं तिनं तुझा आवाज काढला, रंग्या, हुबेहूब, "'गप गो. यशाला बोलू नकोस. त्याला कळलं तर तो हरेल. आणि तो हरला की खलास. मग शनिवारी आम्ही बोलायचं काय?'"

बाजूनं ट्रक जात होते, गाडी हलत होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. सईनं एक हात कलशावर ठेवला आणि एक माझ्या पाठीवर. काय माणूस आहेस तू. आयुष्यभर ज्यासाठी भांडलास ते हातात आलं, आणि ते तू माझ्याबरोबरच्या इडलीसाठी खिशात ठेवून दिलंस. वर मी "लागली नसणार, लागली नसणार" म्हणून तुला टोचत राहिलो, आणि तू बशीत फुंकर घालत ऐकून घेतलंस. माझ्यासाठी एवढं कुणी कधी हरलं नाही.

डोळे पुसून मी सईला आणखी एक प्रश्न विचारला. ती माझ्याकडे बघतच राहिली. आधी खो खो हसली, आणि मग तीही रडली. पण उत्तर दिलं तिनं. नीट आठवून, विचार करून दिलं.

वहिनी आणि सई अस्थी घेऊन गावी गेल्या. खाडीत सोडणार आहेत. पाहुणे गेले, फोन कमी झाले. माधवी म्हणाली, रेंजवर जाऊन ये, घरात बसून काय करणार? तर काल शनिवारी गेलो होतो. रेंजवरच्या बशीरनं सवयीनं दोन मफ काढून ठेवले. "दूसरे साहब पार्किंग में हैं?" मी सांगितलं. तो बिचारा मफ हातात घेऊन तसाच उभा राहिला. "इन्ना लिल्लाह," पुटपुटला. मग म्हणाला, "वो मॅग्नम मॅग्नम करते थे ना? बहुत अच्छे आदमी थे, भाईजान." त्यानं तुझी लेन कुणाला दिली नाही. मी साधी टू-टू घेतली, पन्नास मीटरवर कागद लावला, आणि एकही गोळी धड लागली नाही. बाजूनं कुणी नाक मुरडत नव्हतं.

तिथून उडप्याकडे गेलो. वेटरनं दोन ग्लास पाणी आणलं. मी परत पाठवलं नाही. मीठदाणी टेबलाच्या त्या टोकाला ठेवली, तुझ्या बाजूला, आणि खूप वेळ बसून राहिलो. सगळ्या बाजूंनी विचार केला. आता तू ऐक.

शंभर मीटरच्या वरून, एका गोळीत, तोंडातलं गवत तोंडात. मान्य. फार सुंदर मारलास, रंग्या, मला तुझा अभिमान वाटतो. पण एका सशानं काय सिद्ध होतं? काहीही नाही. मी हरलेलो नाही. मुळीच नाही. तू खिशात लपवलेलं मला सापडलं म्हणून मी हार मानेन असं वाटलं असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. मी सईला काय विचारलं, माहीत आहे? त्या संध्याकाळी वारा होता का, हे विचारलं. ती म्हणाली, "नो, काका. पान हलत नव्हतं."

आता बोल.